नाव बदलले, तरी गाव तेच

नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याने निघाले की मार्गासनी लागते. तिथून साखरमार्गे गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला जाणारी वाट फुटते. या मुलखाचा ठावठिकाणा जुन्या कागदांत शोधायला बसले, तर दर शतकाला निराळा पत्ता हाती येतो. शिवकाळात राजगडाखालचे गुंजवणीचे खोरे म्हणजे गुंजण मावळ. तोरणा कागदोपत्री प्रचंडगड, तर राजगडाचा डोंगर मुरुंबदेवाचा. पुढे हे दोन्ही किल्ले भोर संस्थानात गेले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि वेल्हे पुणे जिल्ह्याचा भाग झाले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायला मान्यता दिली. एवढे होऊनही इथल्या माणसाला आपले गाव कोणते, हे कुणी सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र ते सांगावे लागते. गेल्या पस्तीस वर्षांतली वेबची वाटचाल बरीचशी याच एका अडचणीभोवती झाली आहे.

मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेबचा आपला प्रस्ताव मांडला. त्यातल्या आकृतीत नुसते बाण नव्हते. कोणता बाण कोणते नाते दाखवतो, हेही त्यावर लिहिले होते. प्रत्यक्षात जी वेब पसरली तिच्यात हे नाते गळाले. दुवा फक्त ‘तिकडे जा’ एवढेच सांगू लागला. ते नाते परत आणायचे प्रयत्न पुढे झाले. १९९९ मध्ये दोन गोष्टींमधले नाते लिहिण्याचे आरडीएफ हे मानक आले. २००६ मध्ये बर्नर्स-ली यांनी नियम घालून दिले: प्रत्येक वस्तूला वेबवर स्वतःचा पत्ता द्या, त्या पत्त्यावर उपयोगी माहिती ठेवा आणि तिथून इतर वस्तूंशी दुवे जोडा. २०१२ च्या ऑक्टोबरात विकिडेटा सुरू झाला. त्याआधी प्रत्येक भाषेतला विकिपीडिया, २००३ मध्ये सुरू झालेला मराठीही, इतर भाषांतल्या लेखांची यादी आपापल्या पानावर वेगळी सांभाळत होता. आता एका गोष्टीला एक क्रमांक असतो आणि सगळ्या भाषांतली नावे त्या क्रमांकाला चिकटतात. नाव बदलले तरी क्रमांक हलत नाही.

महाराष्ट्राच्या महसुली दप्तराने ही गोष्ट कागदावर फार आधी साधली होती आणि तिचे मोल आपण अजून नीट ओळखलेले नाही. मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या जमीन-पाहणीतून, १८४७ च्या संयुक्त अहवालानंतर, शेताला सर्व्हे नंबर देण्याची पद्धत पक्की झाली. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद आली. आजचा सातबारा हातात घ्या. खातेदाराच्या नावापुढे फेरफाराचा, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा, आकडा असतो. तो घेऊन गाव नमुना सहा उघडला की हे नाव वारसाने लागले, खरेदीने लागले की वाटपाने, ते कळते. खाते क्रमांक गाव नमुना आठ-अ कडे नेतो. म्हणजे हा नुसता दुवा नाही, नाते सांगणारा दुवा आहे.

ही साखळी तुटली की काय होते, तेही खेड्यापाड्यांतले लोक जाणतात. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जिथे जिथे योजना राबवली गेली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतात एक आकडा, नातवाच्या सातबाऱ्यावर दुसरा. दोन्ही शेत एकच, हे सिद्ध करायला भूमि अभिलेख कार्यालयातून नऊ-तीन नऊ-चारचा उतारा काढावा लागतो. तो मिळाला तर ठीक, नाहीतर दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो. माझ्या मते दप्तराच्या संगणकीकरणात सर्वांत आधी हाती घ्यायला हवा होता तो हा जोडतक्ता. आपण आधी उतारे संगणकावर घेतले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही मोठीच सोय झाली. पण हस्तलिखितातली चूक संगणकात गेली ती चूकच राहिली आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी शेतकऱ्याचे हेलपाटे चुकले नाहीत. आता सातबाऱ्यावर यूएलपिन, म्हणजे त्या भूखंडाचा कायमचा क्रमांक येऊ लागला आहे. दिशा बरोबर आहे. मात्र हा क्रमांक मागे जुन्या सर्व्हे नंबरापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर एका पिढीने पुन्हा नव्याने मोजायला सुरुवात केली, एवढेच होईल.

इतिहासाच्या साधनांचीही अवस्था अशीच आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, मोडीतले हजारो कागद वाचून छापले गेले. पण कोणत्या महजरातला, म्हणजे जुन्या निवाडपत्रातला, कोणता मौजा म्हणजे आजचे कोणते गाव, हे जोडकाम अभ्यासकांच्या डोक्यातच राहिले. तो अभ्यासक गेला की ती जोडणीही गेली. राजगड आता मराठा लष्करी भूप्रदेशांतल्या बारा किल्ल्यांत, युनेस्कोच्या यादीत आहे. त्याच्या पायथ्याच्या खोऱ्याचे कागद मात्र एकमेकांना ओळखत नाहीत.

जोडणीला धोका आहे, तोही मोठा. सुट्या कागदातली चूक त्या कागदापुरती राहते. जोडलेल्या नोंदीतली चूक पीकविम्यापासून बँकेच्या बोजापर्यंत सगळीकडे पोचते. म्हणून गावे, शेते, किल्ले, कागद जरूर जोडावेत. माणसांची खाजगी माहिती त्यात सरसकट ओढू नये. आणि चूक मुळात दुरुस्त करायची वाट तलाठ्याच्या पातळीवरच सोपी असावी.

भूमि अभिलेख विभागाने सर्व्हे नंबर ते गट नंबर हा तक्ता गावनिहाय, यंत्राला वाचता येईल अशा रूपात सर्वांसाठी खुला करावा. तालुक्याचे नाव बदलताना जुने नाव पुसून न टाकता तारखेसह शेजारी ठेवावे. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी मावळातल्या छापील कागदांतली गावे आजच्या गावांच्या क्रमांकांशी जोडायचे काम विद्यार्थ्यांकडे द्यावे. जुनी नावे सांगणारी आणि मोडी वाचणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर हे काम सुरू व्हायला हवे.