जुन्या मोटारीची पहिली परीक्षा

खामगाव-मलकापुराकडे जुनी मोटार घेणारा गृहस्थ रंग पाहतो, किलोमीटरचा आकडा पाहतो (तो मागे फिरविता येतो हे ठाऊक असूनही!) आणि कागदपत्रे पाहून निश्चिंत होतो. पण मोटारीच्या प्रकृतीविषयी ते कागद काय सांगतात? १९८८ च्या कायद्याने खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. ती संपेपर्यंत धुराचा दाखला वगळता नियमित तपासणी नाही. भाड्याच्या वाहनास मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरसाल परीक्षा चुकत नाही. हा भेद आम्हास अनाकलनीय वाटतो. झिजलेले ब्रेक मालक पाहून निकामी होतात काय?

गावच्या रस्त्यावर गुळगुळीत टायर निभावून जात असे. डिसेंबर २०२२ पासून मेहकर, सिंदखेड राजावरून समृद्धी महामार्ग धावू लागला. तेथे मोटारीस ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी हा नियम तेथे जीवनमरणाचा ठरतो.

मालकी बदलतानाच प्रत्येक मोटारीची तपासणी सक्तीची करावी, अशी आमची मागणी आहे. तोवर ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी चाके उतरवून ब्रेक पाहावेत. विकणारा कुरकुरेल, त्यास कुरकुरू द्यावे.