सर्व्हर डाउन, की जाणकार गैरहजर?

आमच्याकडच्या एका सरकारी कार्यालयात परवा जन्मदाखल्यासाठी लोक दोन दिवस हेलपाटे घालत होते. उत्तर एकच, "सर्व्हर डाउन आहे."

चौकशी केली तर कळलं, एकाच मशीनवर केव्हीएम वापरून ३ आभासी सर्व्हर चालतात. रात्री लाइट गेली. सकाळी मशीन सुरू झालं, पण आतला दाखल्यांचा सर्व्हर बंदच राहिला. तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस आला. काळ्या पडद्यावर 'व्हर्श लिस्ट' आणि पुढं 'ऑल' टाइप केलं, बंद सर्व्हर दिसला, 'व्हर्श स्टार्ट' दिलं. झालं काम! 'व्हर्श ऑटोस्टार्ट' ही एक ओळ आधीच दिली असती, तर तो मशीनसोबत आपोआप उठला असता.

मंडळी, केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे, तेही फुकट. मग अडलं कुठं? कमांड येणारा माणूस ऑफिसात नाही आणि पासवर्ड कंत्राटदाराकडं.

मागणी साधी आहे. दोन कर्मचाऱ्यांना हे शिकवा. कमांडांचा कागद मशीनशेजारी चिकटवा. पासवर्ड सीलबंद पाकिटात साहेबांच्या कपाटात ठेवा. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला एका ओळीपायी परत पाठवू नका.