खेळाचे भांडवल

सुनेने वर्षभर साठवलेले ६० हजार रुपये आणि नातवाची गेमिंग संगणकाची यादी माझ्यापुढे आली. त्यातले ४० हजार एकट्या ग्राफिक्स कार्डाला! उरलेल्यात जुना प्रोसेसर, ८ जीबी रॅम, बिननावाचा पॉवर सप्लाय. बँकेत असे कर्जप्रस्ताव पुष्कळ पाहिले : यंत्र दिमाखदार, खेळत्या भांडवलाच्या नावाने शून्य.

घरातला मॉनिटर ६० हर्ट्झचा. सेकंदाला ६० हून अधिक चित्रे तो दाखवतच नाही. मग १२० काढणारे कार्ड कोणासाठी? कार्ड एक पायरी उतरवले. त्यात नवा प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन रॅम आणि खात्रीचा पॉवर सप्लाय बसला. हलका पॉवर सप्लाय जळताना बाकीच्यांनाही नेऊ शकतो.

नातू क्षणभर हिरमुसला. पण एकाच्या थाटापायी बाकीच्यांनी उपाशी राहावे, हे ना संगणकाला मानवते, ना घराला.