अकरा महिन्यांची शाळा

वार्षिक परीक्षा आटोपल्या, की पुण्यात टिळक रस्ता, सदाशिव, शनिवार पेठेकडे घर शोधणाऱ्या पालकांची वर्दळ सुरू होते. आठवीतल्या पोरीने धायरी नाहीतर वाघोलीहून रोज दोन वेळा ट्रॅफिकमध्ये ताटकळण्यापेक्षा शाळेजवळ भाड्याने राहिलेले बरे, हा हिशेब चुकीचा नाही. ‘शाळा पाच मिनिटांवर’ असे जाहिरातीत आले, की त्या पाच मिनिटांचे पैसे भाड्यात चोख लागलेले असतात, तेही लोक मुकाट्याने देतात. डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येते, स्कूटर कुठे लावायची, सगळे विचारून होते. करार किती दिवसांचा, हे मात्र कोणी विचारत नाही. तो अकराच महिन्यांचा असायचा!

जरा कॅलेंडर काढून बघा. आठवीसाठी 1 जूनला घर घेतले. पहिला करार 30 एप्रिलला संपतो, दुसरा पुढच्या वर्षी 31 मार्चला आणि तिसरा फेब्रुवारीअखेर. म्हणजे पोरगी दहावीच्या बोर्डाच्या पेपरांत बुडालेली असताना बापाने भाडेवाढीची घासाघीस करायची. त्या आठवड्यात सामान हलवणे शक्य नाही, तेव्हा मालक म्हणेल तो आकडा बाप कबूल करणार, हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

हे अकरा आले कुठून? 1908च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली. ती चुकवण्याची ही जुनी पळवाट. महाराष्ट्रात ती केव्हाच बुजली आहे. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 55 सांगते, की लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. भाडेकरू जागा बळकावील, ही मालकांची धास्ती जुन्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातली, आणि त्या काळात ती खोटीही नव्हती. आता मुदत संपूनही न हलणाऱ्याला कलम 24खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येते, वर दुप्पट दराने भरपाईही मागता येते. हे संरक्षण अकरा महिन्यांच्या कराराला आहे तसेच छत्तीस महिन्यांच्याही. दरसालची वाढ आधीच लिहून ठेवली, की मालकाचेही नुकसान नाही. नोंदणी शुल्क तीनदा भरण्याऐवजी एकदाच. दर नव्या कराराला दलाली उकळणाऱ्याचे तेवढे दुकान बसते.

तेव्हा टोकन देण्याआधी ‘छत्तीस महिने लिहा’ म्हणून पाहावे. मालक ऐकून तरी घेईल. एजंट मात्र ताबडतोब सांगेल, ‘साहेब, नोंदणीची सिस्टिम अकराच घेते.’ सिस्टिम साठ महिन्यांपर्यंत घेते.