झाडं मोजली, ओढा राहिला

शहर नियोजन हा काही माझा विषय नाही. इंजिनियर आहे खरा, पण कॉम्प्युटरचा. तरी आज लिहिणार आहे, कारण या विषयात आता 'डेटा' हा शब्द घुसलाय आणि डेटावर तर आमचं पोट चालतं. तो शब्द कुणी नुसता शोभेला वापरायला लागलं की डोकं फिरतं. शनिवार आहे, वेळ आहे, तेव्हा लिहूनच टाकतो.

स्मार्ट सिटी आठवतेय ना? जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या २० शहरांची यादी आली, त्यात आपलं पुणं दुसऱ्या नंबरावर. केवढा आनंद झाला होता सगळ्यांना! औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग नमुना म्हणून निवडला. मग सेन्सर आले, वायफाय आलं, चौकाचौकात पाट्या लागल्या, मोठमोठ्या पडद्यांची कंट्रोल रूम झाली. मार्च २०२५ मध्ये ती सगळी योजनाच संपली. असो. माझं भांडण त्या योजनेशी नाही. ज्या समजुतीवर ती उभी होती, त्या समजुतीशी आहे. समजूत अशी, की शहराचं मोजमाप केलं म्हणजे शहर सुधारतं.

आता झाडांचंच घ्या. आपल्याकडे १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि दर पाच वर्षांनी झाडं मोजावीत असं त्यात म्हटलंय. पुण्यात ही मोजणी चक्क जीपीएस लावून झाली. आकडा ४० लाखांच्या आसपास गेला. प्रत्येक झाड नकाशावर एक ठिपका. मस्तच काम, खोटं कशाला बोलू? पण या ४० लाख ठिपक्यांमुळे एखाद्या रस्त्याची आखणी बदलली का? ठिपक्यांच्या त्या नकाशावर पाणी कुठून कुठे वाहतं याचा थर चढवून कुणी बघितला का? टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाटी आहे. मोजणीत ते एक झाड आणि जुना वडही एकच झाड. सावली, मुळं, माती धरून ठेवणं, पक्षी... या बाबतीत दोघांची तुलना तरी होईल का?

आमच्या धंद्यात याला एक साधा प्रश्न असतो. रिपोर्ट मागणाऱ्या क्लायंटला आम्ही विचारतो, "हा आकडा बदलला तर तुम्ही काय वेगळं कराल?" उत्तर "काहीच नाही" असेल तर तो रिपोर्ट काढूच नये. फुकट सर्व्हर तापवायचा कशाला?

आता जरा गणित करू. घाबरू नका, शाळेतलंच आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टरवर ६० मिलिमीटर पडला तर सहा लाख लिटर. पुस्तकातले ढोबळ आकडे घेतले, तर झाडी आणि माती असलेल्या उतारावरून त्यातलं साधारण ३० टक्के पाणी वाहून जातं, बाकीचं मुरतं किंवा अडतं. त्याच जागी काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि छपरं आली की ९० टक्के वाहून जातं. म्हणजे १.८ लाख लिटरचे झाले ५.४ लाख. फरक ३.६ लाख लिटरचा. दहा हजार लिटरचे ३६ टँकर, फक्त एका हेक्टरमागे! पावसाळ्यात हे ३६ टँकर आपण खालच्या वस्तीत नेऊन ओततो आणि एप्रिलमध्ये तेवढेच टँकर पैसे मोजून सोसायटीत मागवतो. हुशार लोक आपण.

यावर कुणी म्हणेल की दोन दिवस संततधार लागली की माती भिजून गच्च होते, मग टेकडीसुद्धा पाणी सोडतेच. बरोबर आहे. पण ती उशिरा आणि हळू सोडते. ओढ्याला पूर येतो तो सगळीकडचं पाणी एकाच वेळी येऊन धडकलं म्हणून. वीस मिनिटं उशीर झाला तरी खालच्या माणसाला घराबाहेर पडायला वेळ मिळतो.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कोण विसरेल? कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, गाड्या खेळण्यांसारख्या वाहून गेल्या. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं गेली. यातली सगळ्यात लाज वाटायची गोष्ट म्हणजे याच ओढ्याचा विचार अठराव्या शतकात झाला होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला गेला, कात्रजला तलाव बांधून ते पाणी जमिनीखालच्या नळांनी शनिवारवाड्यापर्यंत आणि गावातल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. त्यांच्याकडे सॅटेलाइट नव्हता. डोंगर, उतार, तलाव आणि गाव ही एकच गोष्ट आहे एवढं मात्र त्यांना माहीत होतं. आपल्याकडे सॅटेलाइट आहे आणि डोंगर एका खात्याकडे, ओढा दुसऱ्याकडे, रस्ता तिसऱ्याकडे.

दुसरं उदाहरण आपल्या आयटीवाल्यांच्या जवळचं. जून २०२५ मध्ये हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले. फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले, विनोद झाले. पण प्रश्न कुणी कुणाला विचारायचा? तिथे एमआयडीसी आहे, पीएमआरडीए आहे, ग्रामपंचायती आहेत. नैसर्गिक ओढे मात्र यातल्या कुणाचीच हद्द बघून वाहत नाहीत. जगातल्या बँकांचे सर्व्हर आपण इथे बसून चोवीस तास चालू ठेवतो आणि बाहेरच्या ओढ्याला वाट कुठे आहे हे आपल्यातल्या एकालाही सांगता येत नाही.

आता माझा मूळ मुद्दा. पूररेषा माहीत असेलच. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा. '२५ वर्षांतून एकदा' ऐकलं की आपल्याला वाटतं, चला, आपण निवांत. तसं नसतं हो. त्याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. वीस वर्षांचं होम लोन घेऊन निळ्या रेषेवर घर घेतलंत, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता ५६ टक्के! लाल रेषेवर १८ टक्के. बिल्डरच्या गुळगुळीत ब्रोशरमध्ये स्विमिंग पूलची लांबी असते, हा आकडा नसतो.

आणि यातही एक मेख आहे. ही रेषा काही देवाने आखलेली नाही. ती एका गणिताचं उत्तर आहे. त्या गणितात इतका पाऊस, इतका उतार आणि इतकी मुरणारी जमीन हे धरलेलं असतं. नदीवर धरण असेल तर धरणातून सुटणारं पाणीही येतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत खडकवासल्यातून सुटलेलं पाणी घुसलं, ते याचंच उदाहरण. पण राम नदी, आंबिल ओढा यांच्यासारख्या प्रवाहांचं नशीब मुख्यतः वरच्या उतारांवर ठरतं. वरची जमीन काँक्रीटने झाकली की इनपुट बदललं. इनपुट बदललं आणि आउटपुट मात्र तेच जुनं, असा प्रोग्राम कुणी मला दाखवला तर मी त्याला म्हणेन, "अरे बाबा, हा बग आहे." शहराच्या बाबतीत आपण त्यालाच 'मंजूर नकाशा' म्हणतो आणि वर शिक्का मारतो.

म्हणून टेकड्यांचा प्रश्न हा फिरायला जाणाऱ्या आजोबांचा प्रश्न नाही. १९९७ मध्ये पुण्यात आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण आहे. त्यासाठी किती वर्षं भांडण चाललं! शेवटी २०१५ मध्ये सरकारने ते कायम केलं. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. त्यांना 'विकासविरोधी' म्हणून झालं. पण टेकडी जे पाणी अडवते, ते अडवायला पाइप आणि टाक्या बांधायच्या तर किती खर्च येईल, हा हिशेब रस्त्याच्या खर्चाशेजारी मांडलेला कधी बघितलाय? टेकडीची किंमत शून्य धरली की प्रत्येक रस्ता फायद्याचाच दिसणार.

महापालिकेच्या लेखी पाइपलाइन ही मालमत्ता असते, तिला देखभालीचा खर्च मंजूर होतो. ओढा मालमत्ता कधी होतो? त्याला दोन्ही बाजूंनी भिंती घालून काँक्रीटचं गटार केलं की! तोवर तो 'अडथळा' असतो.

"हे सगळं पुस्तकी आहे, शहर वाढणार, रस्ते लागणारच," असं म्हणणारे ऑफिसात भरपूर भेटतात. शहर वाढणार हे मलाही मान्य आहे. मीही इथेच फ्लॅट शोधतोय. पण मग सिंगापूर काय वाढायचं थांबलंय का? तिथे आपल्यातले निम्मे ऑनसाइट जाऊन आलेत, मॉलसमोर फोटो काढून आलेत. तिथल्या बिशान पार्कमध्ये २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीट कालवा होता. तो फोडून २०१२ पर्यंत त्यांनी ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. पाऊस वाढला की नदी बागेत पसरते, ओसरला की लोक पुन्हा गवतावर. याहून महत्त्वाचा त्यांचा नियम. २०१४ पासून तिथे ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधकाम करायचं तर पावसाचं पाणी बाहेर किती वेगाने सोडायचं याला मर्यादा आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाने २०१० पासून व्यापारी मिळकतींना पावसाच्या पाण्याचं बिल त्यांच्या न मुरणाऱ्या जमिनीच्या क्षेत्रफळावर लावायला सुरुवात केली. जेवढं काँक्रीट जास्त तेवढं बिल जास्त. पाणी जिरवलं की बिलात सवलत. बघा, इथे आकडा बदलला की कुणाच्या तरी खिशाला कळतं. डेटा वापरणं म्हणतात ते याला!

आपल्याकडेही सवलत आहे. पर्जन्य जलसंधारण केलं तर मिळकत करात सूट मिळते. पण खड्डा चालू आहे की गाळाने भरलाय, हे बघणार कोण? सूट खड्ड्याला मिळते, जिरलेल्या पाण्याला नाही.

तेव्हा माझ्या मागण्या तीनच आहेत. एक, कुठलाही मोठा प्रकल्प, मग तो बिल्डरचा असो की पालिकेचा, जागेवरून आज जेवढं पाणी ज्या वेगाने बाहेर जातं त्याहून जास्त सोडणार नाही. गणित जोडल्याशिवाय परवानगी नाही. दोन, ओढे, टेकड्या, तळी पालिकेच्या मालमत्तेच्या यादीत येऊ देत, त्यांच्या देखभालीला पैसे मिळू देत आणि वरची जमीन बदलली की पूररेषा पुन्हा काढू देत. तीन, प्रत्येक प्रभागात पर्जन्यमापक आणि त्याचे आकडे सगळ्यांना खुले. आणि ते स्कॅन केलेल्या वाकड्या पीडीएफमध्ये नकोत, हात जोडतो!

यातलं काहीही आपोआप होणार नाही. विकास आराखड्यावर १९६६ च्या कायद्यानुसार हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. पुण्यात बजेटसाठी नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायची पद्धत २००६ पासून आहे. तिथे बाकं आणि पेव्हर ब्लॉक मागणारे पुष्कळ असतात. आपण रोज दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढून पगार घेतो. मग आपल्या शहराच्या आराखड्याला एक हरकत लिहायला काय जातं? आपल्या भागातून कुठला ओढा जातो ते नकाशावर शोधा, शक्य असेल तर त्याच्या काठाने चालून या आणि पुढची सूचना मागवली जाईल तेव्हा बाकाऐवजी पर्जन्यमापक मागा. ज्यांना सूचनेचा मसुदा हवाय त्यांनी सांगा, रविवारी बसून लिहून देतो.