सीॲक्स ‘किरकोळ’ नव्हता



गेल्या अंकातील लेखात कॅनडातील सीॲक्स या सिंडर कोनची (ज्वालामुखीच्या शंकूची) ‘किरकोळ टेकाड’ म्हणून बोळवण केली आहे आणि तिथल्या मूळनिवासी निस्गा लोकांच्या आठवणी दंतकथेत ढकलल्या आहेत. शंकू बुटका खरा. पण सुमारे अडीच-तीन शतकांपूर्वी त्यातून निघालेला पातळ लाव्हा 20 किलोमीटरहून अधिक धावला, नास नदीला त्याने खोऱ्याच्या उत्तर कडेला रेटले. गावे गाडली गेली. निस्गा परंपरा सुमारे 2000 मृत सांगते. मुलांनी सॅमन माशांचा छळ मांडला म्हणून कोप झाला, हे हवे तर मानू नका. पण विषारी धुराने माणसे गेली, असेही तीच परंपरा सांगते, आणि कार्बन डायऑक्साइडने गुदमरण्याची शक्यता भूशास्त्रज्ञही मांडतात. जळालेल्या झाडांचे पोकळ साचे तिथल्या लाव्हात आजही दिसतात.

– एक वाचक