उपचार संपेपर्यंत सावड करू या

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील नागरिक, भजनी मंडळं, बचत गट, तरुण मंडळं, सोसायट्या, साखर कारखाने आणि कंपन्यांना जाहीर आवाहन



गावात कुणाला कॅन्सर निघाला की पहिले आठ दिवस त्या घरात पाय ठेवायला जागा नसते. शहाळी, सफरचंदं, बिस्किटांचे पुडे, चुलीवरचं चहाचं आधण उतरतच नाही. तिसऱ्या किमोच्या वेळी मात्र त्याच घरातून पहाटे नवरा-बायको दोघंच बाहेर पडतात आणि गोठ्यातल्या गाईंची धार कोण काढणार, हा घोर सोबत घेऊन जातात. आपल्याकडे माणुसकीची वाण आहे असं अजिबात नाही. ज्या यवतमध्ये तुकोबांच्या पालखीतल्या हजारो वारकऱ्यांना पिठलं-भाकरी मिळते, त्या मुलखाला अन्नदान शिकवायची गरज नाही. अडचण आहे ती मुदतीची. आपली मदत दिवसाची असते आणि हा उपचार सहा-सहा महिने, कधी वर्षभर चालतो. म्हणून ही विनंती: पेरणी-काढणीला करतो तशी उपचाराच्या काळासाठी सावड करा. पाळ्या लावा, नावं लिहा आणि शेवटच्या तारखेपर्यंत निभावा.

उपचाराची चाल कशी असते ते आधी लक्षात घ्या. बऱ्याच प्रकारांत किमो दर २१ दिवसांनी असते आणि अशा सहा-आठ फेऱ्या होतात. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज असतं. तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरला साधारण सहा ते सात आठवडे. यंत्राखाली पडून राहायचं काही मिनिटं आणि त्यासाठी पुण्याची ७०-७५ किलोमीटरची वाट, तेवढीच परत. दौंडकरांना निदान रेल्वे आहे, आणि ससून रुग्णालय पुणे स्टेशनला लागूनच आहे. शिरूरला रेल्वे नाही. शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीत अडकलेल्या एसटीत ज्याला मळमळतंय, त्याचे हाल त्यालाच ठाऊक. त्यात पहाटेची गाडी गाठायची तर उसातल्या वस्तीवरून अंधारात निघायचं. बिबट्याच्या भीतीनं धडधाकट माणूस जिथे एकटा निघत नाही, तिथे पांढऱ्या पेशी कमी झालेला माणूस निघतो.

त्यामुळे पहिली पाळी सोबतीची. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी महिन्यातला एक दिवस द्यावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी वस्तीपासून फाट्यापर्यंत दुचाकीवर सोडावं, हेही कमी नाही. दुसरी पाळी घरामागच्या कामाची: धारा, डेअरीला दूध घालणं, रात्रीच्या लाइटीला उसाचं पाणी धरणं, पोरांचे डबे, म्हाताऱ्यांच्या गोळ्या. ही कामं कुणी बातमीत छापत नाही, पण ती अडली की माणूस किमोची तारीख पुढे ढकलतो. आणि तारीख ढकलणं या आजारात महागात पडू शकतं.

सोबत हवी, हे आम्ही नुसतं कळवळ्यानं म्हणत नाही. अमेरिकेतल्या सुमारे ७ लाख ३५ हजार कॅन्सर रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदार असलेल्यांचा आजार तुलनेनं लवकर सापडला होता, योग्य उपचार त्यांना अधिक प्रमाणात मिळाले होते आणि त्यांच्यात मृत्यूही कमी होते. डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागणारं, तारीख ध्यानात ठेवणारं माणूस घरात असण्याचा यात मोठा वाटा असावा, असा अर्थ लावला गेला. आपल्या गावात ते माणूस शेजारी का होऊ नये?

मात्र सोबतीचा भलता डांगोराही पिटू नका. स्टॅनफर्डचे डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये स्तनांचा कॅन्सर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास मांडला. दर आठवड्याला गटात बसून बोलणाऱ्या स्त्रिया जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. पुढे कॅनडात पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर तसाच प्रयोग केला. २००१ च्या त्या निष्कर्षात आयुष्य वाढल्याचं आढळलं नाही. मन सावरलं होतं आणि वेदना कमी जाणवल्या होत्या, तेही विशेषतः ज्या आधी फार खचलेल्या होत्या त्यांच्या बाबतीत. आमच्या मते एवढं पुष्कळ आहे. सोबत हे औषध नव्हे. ती औषध सोसायला बळ देते.

यासाठीच ‘पॉझिटिव्ह राहा’ हा घोष थोडा आवरा. हिंमत ठेवली नाही म्हणून आजार वाढला, असं रुग्णाला वाटू लागलं तर दुखण्यावर अपराधाची भर पडते. रडणारा माणूस हरलेला नसतो. पुष्कळदा रडून झाल्यावरच दोन घास खातो. ‘आमच्या पाहुण्यातल्या एकाचं असंच झालं होतं’ ही गोष्ट गिळून टाका. कुणाचा काढा, कुणाची पुडी, कुणाचा देवऋषी सुचवायचा मोहही आवरा. काहीही पोटात द्यायचं तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारू द्या. तंबाखू-मिशरीचा हिशेब काढायची तर ही वेळच नव्हे. मिशरी सोडायला सांगायची असेल तर ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांना सांगा.

भेटीला जाताना फोन करून जा, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वात खाली असतात. तेव्हा १०० च्या वर ताप गेला तर सकाळची वाट बघायची नसते. रात्री दोनला गाडी काढणारं माणूस ठरलेलं हवं. आणि एक भीती कायमची काढून टाका. कॅन्सर लागत नाही, बाहेरून यंत्रानं दिलेल्या रेडिएशनमुळे अंगातून किरणं निघत नाहीत. ताट-वाटी वेगळी करू नका, नातवंडांना आजीपासून लांब बसवू नका.

गावात कागदपत्रांना हुशार असा एखादा तरी असतोच. त्याची गरज इथे सर्वात जास्त आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड, आधार आणि तपासणीचे रिपोर्ट घेऊन आधी त्यांना गाठा. योजनेचा क्रमांक १५५३८८. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत सेकंड क्लासला ७५ टक्के सवलत आहे, स्लीपर आणि थ्री टायर एसीला पूर्ण माफी, आणि या डब्यांत सोबत्यालाही ७५ टक्के. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जाणाऱ्यांच्या तो कामाचा. मुंबईत उतरायची सोय लागली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करा.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या कंपन्यांना, विशेषतः ठेकेदारांना, वेगळं सांगायचं आहे. कामगाराचा ईएसआय कापला जात असेल आणि नोकरीच्या-वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील, तर कॅन्सरसाठी त्याला वाढीव आजारपणाचा लाभ मिळू शकतो: मजुरीच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. हे त्याला सांगा, कागद वेळेत द्या. खाडे पडले म्हणून नाव कमी करू नका. साखर कारखान्यांनी आणि सोसायट्यांनी अशा सभासदाची ऊसतोड लांबवू नये, वसुलीचा तगादा थोडा थांबवावा.

घरातली बाई आजारी असेल तर गावानं जास्त डोळसपणे बघावं. पुरुष आजारी पडला की बायको सेवेला असते. बाई आजारी पडली तर किमोहून आल्यावर भाकऱ्या तीच थापते, असं अजूनही दिसतं. बचत गटाच्या महिलांनी किमोनंतरच्या चार-पाच दिवसांचा स्वयंपाक वाटून घ्यावा. कमी तिखटाचा, मऊ. तोंड आलेलं असतं, फोडणीच्या वासानंही उमळतं. आणि सांभाळणाऱ्या माणसालाही आठवड्यातून एक दुपार झोपू द्या. मन फारच खचलं तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. दुखणं आवरेना झालं तर वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्रात रुग्णासोबत घरचं माणूसही राहू शकतं आणि सेवा विनामूल्य आहे. तिथे फक्त शेवटी जायचं असतं हा गैरसमज आहे. उपचार चालू असतानाही जाता येतं.

सुरुवात करण्याआधी एक पथ्य. रुग्णाला आणि घरच्यांना विचारा. मुलीचं लग्न जमायचं आहे म्हणून काही घरं आजार लपवतात. त्यांच्यावर रागावू नका आणि चावडीवर बोभाटा करू नका. तिथे दोन-तीन भरवशाच्या माणसांनीच गुपचूप पाळ्या घ्याव्यात. ज्यांची हरकत नाही त्यांच्यासाठी येत्या आठवड्यात देवळात किंवा शाळेत अर्धा तास बसा, उपचाराच्या तारखा वहीत उतरवा आणि पहिली पाळी कोणाची, हे ठरवूनच उठा.

आपले,
शिरूर-दौंडमधले काही रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि शेजारी